टेलिझूमवर लावायची ८ डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स, दोन वर्षं वापरल्यावर

उडी मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यांचा रंग बदलतो हे मला ही लेन्स घेईपर्यंत माहीतच नव्हतं. समोरचे दोन मोठे डोळे एका फोटोत काळेकुट्ट आणि लगेच पुढच्या फोटोत मधासारखे पिवळट तपकिरी. आधी वाटलं फ्लॅशचं काहीतरी बिनसलंय, तीन-चार वेळा सेटिंग तपासलं, मग वाचल्यावर कळलं की त्याच्या डोळ्याचं भिंग डोक्याला पक्कं बसलेलं असतं, ते हलत नाही, पण आत एक लांब नळी असते आणि तिच्या टोकाचा पडदा स्नायूंनी इकडेतिकडे हलतो. डोळा काळा दिसला की तो सरळ तुमच्याकडे बघतोय. तेव्हापासून मी काळ्या डोळ्यांची वाट बघते, आणि तो क्षण आला की अजूनही अंगावर काटा येतो, पाच मिलिमीटरचा जीव आणि चक्क नजरेला नजर देतोय.

तर रिव्ह्यू त्या लेन्सचा. अशा लेन्स दोन-तीन कंपन्या करतात आणि काम सगळ्यांचं सारखंच आहे, म्हणून नाव न घेता या प्रकाराबद्दलच लिहिते. ही कॅमेऱ्याला लावायची लेन्स नाही, तुमच्याकडे आधीच असलेल्या लेन्सच्या तोंडावर बसवायची काच आहे, मुठीत मावेल एवढी. आत दोन-तीन भिंगं चिकटवलेली असतात म्हणून कडांना जांभळी-हिरवी रेघ फारशी येत नाही. फिल्टरसारख्या दिसणाऱ्या एकाच काचेच्या स्वस्त क्लोज-अपचा सेट मिळतो ना, +१, +२, +४ आणि +१०, तो मी आधी घेतला होता, त्यात मधला भाग बरा यायचा पण कोपरे साबण लावल्यासारखे आणि पांढऱ्या फुलाच्या प्रत्येक पाकळीला जांभळी किनार. तो सेट घेऊ नका, खरंच नका घेऊ.

थोडं गणित सांगते कारण हे कळलं नाही तर ही लेन्स हातात घेऊन नुसती चिडचिड होते. डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद, चष्म्याच्या नंबरासारखी. ८ डायॉप्टर म्हणजे हजार भागिले आठ, १२५ मिलिमीटर. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला की किडा काचेपासून बरोब्बर साडेबारा सेंटिमीटरवर असेल तेव्हाच शार्प दिसतो, मग मागे लेन्स १०० मिलिमीटरची असो की ३०० ची, अंतर तेच. बदलतं ते मॅग्निफिकेशन, म्हणजे किड्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा त्याच्या खऱ्या आकाराच्या किती पट ते: मागच्या लेन्सची फोकल लेन्थ (तोच मिलिमीटरचा आकडा) भागिले १२५. २०० वर १.६ पट, ३०० वर २.४ पट. बहुतेक मॅक्रो लेन्स, म्हणजे खास जवळून फोटो काढायच्या लेन्स, १ पटीवर थांबतात, त्यामुळे जुन्या ७०-३०० च्या टेलिझूमवर ही काच लावली तर तुम्ही त्यांच्याही पुढे जाता, आणि तेही मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या छोट्याशा भागात. माझा कॅमेरा एपीएस-सी आहे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, त्यामुळे ३०० वर अख्ख्या फ्रेममध्ये रुंदीला जेमतेम एक सेंटिमीटर मावतो. तो पाच मिलिमीटरचा कोळी अर्धी फ्रेम व्यापतो!

एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) आणि कॅमेऱ्याला उलटी लावलेली लेन्स, दोन्ही वापरून बघितलंय. ट्यूबमध्ये सेन्सरवर पोचणारा उजेड बराच कमी होतो, या काचेत जवळजवळ होत नाही. उलट्या लेन्सचे फोटो सुंदर येतात पण काढघालीच्या भानगडीत किडा निघून जातो. इथे काच लावली की मॅक्रो, काढली की समोरच्या झाडावरचा पक्षी, आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडतं.

आता त्रास. पहिला महिना मला एकही धड फोटो मिळाला नाही. फोकसमध्ये येणारा पट्टा इतका पातळ असतो की एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक केलं तरी सुद्धा मिलिमीटरचा अगदी छोटा भाग शार्प, डोळे आले तर पाय गेले. ऑटोफोकस बंदच करा, तो पुढेमागे शोधत बसतो. फोकस अनंतावर, कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर, डावा हात त्याच फांदीला हलकेच टेकवलेला म्हणजे वाऱ्याने फांदी हलली तरी कॅमेरा तिच्याबरोबर हलतो, आणि मग अख्खं अंग केसभर पुढे नेत नेत डोळ्यांवर चमक आली की क्लिक. सहा-सात फोटो असे पाठोपाठ काढायचे आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे, त्याला फोकस स्टॅकिंग म्हणतात, पण किडा स्थिर असेल तरच. म्हणून मी पहाटे जाते. रात्रभराच्या गारव्याने चतुर, टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद), माश्या सगळे गारठलेले असतात, अंग तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, पंखांवर दव असतं आणि ऊन अंगावर येईपर्यंत ते जागचे हलत नाहीत.

उजेड हा दुसरा मोठा विषय. साडेबारा सेंटिमीटरवर किडा, ३०० ला पूर्ण बाहेर आलेली लांबलचक लेन्स, आणि फ्लॅश मागे कॅमेऱ्याच्या डोक्यावर, म्हणजे लेन्सची सावली थेट किड्यावर. मी पांढऱ्या फोमच्या शीटचा लांब पन्हाळीसारखा डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करून पसरवणारा आडोसा, केला, पुढच्या टोकाला ट्रेसिंग पेपरचे दोन थर, तो काचेच्याही थोडा पुढे येतो. आयएसओ २००, शटर १/१६०, एफ/९ च्या आसपास, फ्लॅश मॅन्युअलवर कमी पॉवरला. कमी पॉवरला फ्लॅश इतका थोडा वेळ पेटतो की हाताची थरथर गोठून जाते. डिफ्यूजर नसेल तर भुंगेऱ्यांच्या पाठीवर पांढरे जळके ठिपके येतात आणि रंग सगळा मरतो. लेन्सच्या बजेटमध्ये डिफ्यूजरला एक संध्याकाळ ठेवाच.

रंगावरून आठवलं, ककू वास्प. कुंभारणीसारख्या दुसऱ्या गांधीलमाश्यांच्या घरट्यात गुपचूप अंडी घालणारी ही छोटीशी माशी, नुसत्या डोळ्याला हिरवा ठिपका दिसते. २ पटीला बघितलं तर हिरवा, निळा, जांभळा, असं धातूसारखं झळकणारं चिलखत आणि त्यावर कुणीतरी सुईने एकेक टोचल्यासारखे खड्डे. तो रंग रंगद्रव्याचा नाही, कवचाच्या पातळ थरांवरून उजेड परत येतो त्याचा आहे, म्हणून फ्लॅशचा कोन बोटभर बदलला तरी माशी वेगळीच दिसते. मी एकाच माशीचे चाळीस फोटो काढले आणि एकही टाकून देववत नाही.

ट्रीहॉपर पण असेच, तुडतुड्यांचे भाऊबंद, काट्यासारखे देठाला चिकटून बसतात, मानेवरची ढाल वाढून वाढून शिंगं, काटे, कसले कसले आकार झालेले. मुंग्या देठावर वरखाली करत असतील तर तिथे थांबून बघा, मुंग्या त्यांच्या अंगातून निघणाऱ्या गोड थेंबासाठी राखण करत असतात. आणि कचऱ्याचा एखादा कण पानावर चालताना दिसला तर ती लेसविंगची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका नाजूक किड्याची, अळी असू शकते, काही जातींच्या अळ्या खाल्लेल्या किड्यांची सालपटं पाठीवर रचून फिरतात. तिची अंडी तर केसासारख्या दांड्यांवर उभी असतात. यातलं काहीच मी आधी बघितलं नव्हतं, रोज त्याच झुडपाजवळून जात होते तरी.

लेन्सची खोड म्हणजे तिचा चिमटा. दोन्ही बाजूंनी दाबून फिल्टरच्या आट्यांत अडकवायचा स्प्रिंगचा क्लिप असतो, लावायला दोन सेकंद, पण फांदीचा धक्का लागला की टप्पकन सुटतो. माझी दोनदा पडली, दुसऱ्यांदा दगडावर, कडेला टवका गेला, नशीब काच वाचली. मग मी क्लिप काढूनच टाकला. काचेच्या मागच्या बाजूला आटे असतात, त्यांना जुळणारी स्टेप रिंग, म्हणजे वेगवेगळ्या मापाचे आटे जोडणारी कडी, घेतली आणि सरळ फिरवून बसवते. दहा सेकंद जास्त जातात, पण पडायची भीती गेली. घेणार असाल तर रिंग त्याच दिवशी घ्या. अजून एक, झूम १०० च्या खाली आणला की माझ्याकडे कोपरे काळे होतात, १८-५५ सारख्या छोट्या झूमवर लावून हिचं मोल कळणार नाही.

फुलपाखरं आणि मोठे चतुर हा जर तुमचा मुख्य विषय असेल तर ८ डायॉप्टर घेऊ नका. साडेबारा सेंटिमीटरपर्यंत ते येऊ देत नाहीत, आणि एवढ्या मॅग्निफिकेशनला अख्खं फुलपाखरू मावतही नाही. त्यांच्यासाठी ५ डायॉप्टरच्या आसपासची मिळते, तिच्यात वीस सेंटिमीटर अंतर मिळतं. मी नंतर तीही घेतली पण बॅगेतून क्वचित निघते, मला बारीक जीवच जास्त ओढतात.

काही जण किडा हलू नये म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात किंवा मारून टाचणीला लावतात, ते मला अजिबात पटत नाही आणि या लेन्सला त्याची गरजही नाही. प्रार्थनाकीटकासमोर मी अर्धा तास बसले होते, त्याच्या हिरव्या डोळ्यातला काळा ठिपका मी जिकडे सरकेन तिकडे येत होता. ती बाहुली नसते. संयुक्त डोळ्याच्या ज्या बारीक नळ्या नेमक्या तुमच्या दिशेने असतात त्या उजेड शोषून घेतात आणि तिथे काळं दिसतं. फोटो काढून झाल्यावर त्याने पुढचा पाय तोंडाशी नेऊन हळूहळू साफ केला, शेवटी मान वळवली आणि पानाच्या मागे गेला, मी काच पुसून पिशवीत ठेवली.