कोलोनोस्कोपीची तयारी आणि जुनी दुखणी: कोणते औषध, कोणती वेळ, घर की रुग्णालय

कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीची, तारीख मिळाली की सगळी भीती तपासणीभोवती फिरू लागते. पण तपासणी गुंगीच्या औषधाखाली साधारण अर्ध्या तासात आटोपते, आणि माणसाचा कस लागतो तो आतडे साफ करण्याच्या आदल्या दिवशी. धडधाकट माणसालाही तो दिवस जड जातो. ज्याला मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्याच्यापुढे तीन निवडी एकदमच उभ्या राहतात: जुलाबाचे औषध कोणते घ्यायचे, ते एका रात्रीत संपवायचे की दोन भागांत घ्यायचे, आणि तयारी घरी करायची की रुग्णालयात दाखल होऊन. फोंड्यात आमच्या घरी वडिलांसाठी या तिन्ही निवडी कराव्या लागल्या. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब होता, शिवाय क्रिएटिनिन (मूत्रपिंडे किती चालतात हे दाखवणारा रक्तातला घटक) वाढलेले होते. निर्णय डॉक्टरांचाच असतो, पण पर्यायांतील फरक घरच्यांना आधीच ठाऊक असेल तर ओपीडीतल्या थोड्या मिनिटांत योग्य ते विचारता येते.

जास्त प्यावे लागणारे औषध आणि थोडे प्यावे लागणारे औषध

आपल्याकडे सर्वांत जास्त लिहून दिले जाते ते पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे पाकीट. साधारण 137 ग्रॅमची ही भुकटी 2 लिटर पाण्यात विरघळवायची असते, आणि काही रुग्णांना अशी दोन पाकिटे म्हणजे 4 लिटर द्रावण प्यावे लागते. चव खारट, प्रमाण डोळे पांढरे करणारे. मात्र हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही आणि त्यात क्षार मोजून घातलेले असतात, त्यामुळे शरीरातील पाणी आणि क्षार यांचा तोल फारसा ढळत नाही. म्हणूनच मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत कमकुवत असलेल्या रुग्णांसाठी बहुतेक डॉक्टर प्रथम याचाच विचार करतात.

दुसऱ्या बाजूला सोडियम पिकोसल्फेट आणि मॅग्नेशियम सायट्रेट यांचे मिश्रण असते. औषध स्वतः पेलाभरच आणि चवीलाही बरे. पण त्यावर जवळजवळ 2 लिटर पारदर्शक पेये घ्यावीच लागतात, आणि ही अट सांगताना ती कित्येकदा ओझरतीच सांगितली जाते. रुग्णाने ते पाणी टाळले तर शरीर कोरडे पडते. आणि नुसते साधे पाणीच ढोसले तर रक्तातील सोडियम उतरू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत आणि लघवी होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांत. शिवाय मूत्रपिंडे फारच कमी चालत असतील तर मॅग्नेशियम अंगात साठत जाते. सल्फेट क्षारांच्या बाटल्यांचेही तसेच: वरचे पाणी धरून एकूण प्रमाण जवळजवळ 3 लिटरवर जाते आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते जपूनच द्यावे लागते. थोडक्यात, ‘थोडे प्यावे लागते’ हे वर्णन बाटलीपुरते खरे आहे, पोटात जाणाऱ्या एकूण पाण्याबाबत ते तितकेसे खरे नाही.

तिसरा पर्याय सोडियम फॉस्फेटचा. सर्वांत थोडे आणि झटपट असल्यामुळे तो मोहात पाडतो. पण त्यातील फॉस्फेटचे कण मूत्रपिंडात साचून कायमची इजा झाल्याची प्रकरणे समोर आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर 2008 मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. वय पंचावन्नच्या पुढे, मूत्रपिंडाचा आजार, अंगातले पाणी कमी असणे, तसेच रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्या, या सगळ्यांत धोका वाढतो. आपल्या घरांतल्या ज्येष्ठांच्या औषधांच्या डब्यात यांपैकी एखादी तरी गोळी असतेच. फार्मसीत कोणी ‘हे सोपे आहे’ म्हणून हे औषध पुढे केले, तर जुने दुखणे असलेल्या रुग्णाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

म्हणून माझे मत असे, की ‘पिण्यास सोपे कोणते’ हा प्रश्न दुसरा आहे आणि ‘माझी मूत्रपिंडे व हृदय काय सोसतील’ हा पहिला. मूत्रपिंडे उत्तम, वय कमी आणि दुखणे फक्त थायरॉइडचे असेल तर थोडे प्यावे लागणारे औषध खुशाल मागावे. क्रिएटिनिन वाढलेले असेल तर खारट पाण्याचे मोठे प्रमाण पत्करणेच शहाणपणाचे, आणि तारखेआधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम यांची ताजी रक्ततपासणी करून घ्यावी. हृदय कमजोर असलेल्यांना किंवा डायलिसिसवर असलेल्यांना रोजच्या पाण्याची मर्यादा असते. तयारीच्या दिवशी ती मर्यादा कशी मोजायची, हे त्यांनी कागदावर लिहून घ्यावे.

मोठे प्रमाण सुसह्य करण्याचे मार्ग आहेत. द्रावण फ्रिजमध्ये गार करून नळीने प्यावे, मध्ये लिंबाची फोड चोखावी, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला या चालीने जावे आणि ओसरीवर फेऱ्या माराव्यात. उमासे आले तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरुवात करावी. मधुमेहामुळे पोट हळू रिकामे होणाऱ्यांनी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने घेणाऱ्यांनी ते आधीच सांगावे, म्हणजे उलटी थांबवणारी गोळी वेळेवर मिळते. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाचे पाणी घट्ट करण्यासाठी पिष्टमय भुकटी वापरत असाल, तर ती या द्रावणात घालू नये. तिचा घट्टपणा निघून जातो आणि द्रावण श्वासनलिकेत जाण्याचा धोका उद्भवतो.

एका रात्रीत की दोन भागांत

या बाबतीत पारडे स्पष्टपणे एकीकडे झुकते. अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून किमान दोन तास आधी संपवले, तर आतडे अधिक स्वच्छ होते, कारण रात्रभरात लहान आतड्यातून उतरणारा चिकट द्राव मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला जमण्याआधीच धुऊन निघतो. दुखणाईत माणसाला याचा आणखी फायदा असा, की एका बैठकीत पोटावर पडणारा भार निम्मा होतो. तयारी अपुरी राहिली तर सगळे पुन्हा करावे लागते, आणि आजारी माणसाला पहिल्यापेक्षा दुसरी वेळ जास्त महागात पडते.

अडचण आहे ती अंतराची. सकाळी नऊची वेळ असेल तर दुसरा भाग पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सुरू करावा लागतो, आणि काणकोण, पेडणे किंवा सत्तरीतल्या आतल्या गावातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) यायचे तर पोटात औषध घेऊन तासाभराहून जास्त प्रवास होतो. कदंबच्या बसमध्ये तो प्रवास कोणी करू नये. उशिराची, म्हणजे अकरा-बाराची वेळ मागितली तर हा प्रश्न सुटतो. पण मधुमेहाच्या रुग्णाला उपाशीपोटी थांबायला नको म्हणून त्याचा नंबर सकाळी लवकर लागलेला बरा असतो. लांब राहणाऱ्या मधुमेहींच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. इन्सुलिन चालू असेल तर मी सकाळची वेळ निवडेन आणि आदल्या रात्री पणजी किंवा सांताक्रूझ भागात नातलगांकडे मुक्काम करेन. फक्त गोळ्यांवर साखर आटोक्यात असेल तर दुपारची वेळ चालते.

साखर आणि रोजच्या गोळ्या

तयारीच्या दिवशी जेवण नसते, त्यामुळे नेहमीची मधुमेहाची औषधे नेहमीच्या मात्रेत घेतली तर साखर उतरते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या सहसा थांबवतात, जेवणाआधीचे इन्सुलिन बंद ठेवतात आणि दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची मात्रा कमी करतात. ती किती कमी करायची, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन निदान तीन दिवस आधी बंद करावी लागते, कारण उपाशीपोटी या गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. ही गोळी आता हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठीही देतात, म्हणून ‘मला मधुमेह नाही’ असे सांगणाऱ्यानेही आपली यादी दाखवावी. साखर दर तीन-चार तासांनी घरच्या यंत्रावर पाहावी, आणि ती 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावी.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा निर्णय कोणीही स्वतः घेऊ नये, विशेषतः हृदयात स्टेंट असलेल्यांनी. फिट्सची किंवा थायरॉइडची गोळी सहसा चालू राहते; मात्र द्रावण सुरू करण्याच्या तासभर आधीच्या वेळेत घेतलेली गोळी अंगी न लागता वाहून जाऊ शकते, म्हणून ती त्याहून बरीच आधी घ्यावी. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद कराव्यात.

खाण्यात आपल्या सवयी आड येतात. दोन-तीन दिवस आधीपासून कोंड्याची पोई, नाचणी, तांबडी भाजी आणि पेरू सोडून पांढऱ्या तांदळाची मऊ पेज, पांढरा पाव, काटे काढलेला उकडलेला मासा यांवर यावे. जुनी बद्धकोष्ठता असेल तर हे पथ्य आणखी आधीपासून आणि डॉक्टरांनी दिलेल्या सौम्य रेचकासह पाळावे. आदल्या दिवशी सोलकढी आणि कोकम सरबत नको, कारण तो रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. पेजेचे निवळ दुधाळ असते, त्यामुळे पारदर्शक पेयांत ते धरू नये. शहाळ्याचे पाणी इतरांना चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते विचारूनच घ्यावे.

घर की रुग्णालय

घरी आपले माणूस आणि आपले शौचालय असते, आणि बहुतेकांसाठी तेच योग्य आहे. तरी जुन्या घरांत शौचालय परसात असते, पावसाळ्यात वाट निसरडी होते, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला रात्री दहा वेळा उठावे लागते. पडण्याचा धोका औषधाच्या धोक्याइतकाच गंभीर आहे. अशा घरात खाटेजवळ कमोडची खुर्ची आणि रात्रभर जागणारा माणूस यांची सोय आधी करावी. ही सोय होत नसेल, रुग्ण एकटा राहत असेल, डायलिसिस चालू असेल, हृदय फार कमजोर असेल किंवा इन्सुलिनवर साखर सारखी वरखाली होत असेल, तर संकोच न करता दाखल होऊन तयारी करण्याची विनंती करावी. रुग्णालयात शौचालय सामायिक असते आणि झोप लागत नाही हे खरे. पण तिथे शिरेतून सलाइन देता येते आणि क्षार लगेच तपासता येतात.

आणि तपासणी केवळ वयामुळे, लक्षणे नसताना सुचवली गेली असेल, तर शौचातील अदृश्य रक्त शोधणारी चाचणी आपल्याला पुरेल का, हेही विचारायला हरकत नाही. तिला ही कोणतीच तयारी लागत नाही, पण तिच्यात रक्त आढळले तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन उतरले असेल, तर मात्र हा पर्याय राहत नाही.

घरी तयारी करताना चक्कर येऊन पडणे, गोंधळल्यासारखे बोलणे, छातीत दुखणे, धाप लागणे, न थांबणारी उलटी किंवा पोट फुगून असह्य दुखणे यांपैकी काहीही झाले, तर उरलेले औषध बाजूला ठेवून 108 ला फोन करावा आणि औषधाचे रिकामे पाकीट व गोळ्यांची यादी सोबत न्यावी.