आप्पांची कात्रणवही पुन्हा बांधून मिळाली

ठाण्यात नौपाड्याच्या एका आतल्या गल्लीत हे बाइंडिंगचं दुकान आहे. एरवी तिथे कॉलेजच्या मुलांची गर्दी, ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल, बांधून घ्यायला. मी नेली ती माझ्या वडिलांची बास्केटबॉलची वही.

आप्पा १९५१ साली नोकरीनिमित्त दिल्लीत होते. मार्चमध्ये तिथे पहिले आशियाई खेळ भरले. बास्केटबॉलचं सुवर्ण फिलिपिन्सने नेलं, जपान दुसरा, इराण तिसरा. फिलिपिन्सच्या संघात वीस वर्षांचा कार्लोस लोयझागा होता, सहा फूट तीन इंच उंच. आप्पांना त्याने असं वेड लावलं की पुढे त्याचं नाव छापून आलेला प्रत्येक कागद वहीत जाऊ लागला. १९५४ ला रिओच्या जागतिक स्पर्धेत फिलिपिन्सला कांस्य मिळालं. आशियातला दुसरा कुठलाही संघ आजवर तिथपर्यंत पोचलेला नाही. लोयझागाने तेव्हा सामन्यामागे सरासरी १६.४ गुण केले आणि स्पर्धेतल्या सर्वोत्तम पाचांत त्याची निवड झाली. १९६२ ला त्याचं चौथं आशियाई सुवर्ण. मग १९६७ ला सोलमध्ये आशियाई अजिंक्यपद, या वेळी प्रशिक्षक म्हणून. त्या पानाच्या कडेला आप्पांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘आता बाकावर बसून जिंकतो.’ मी शाळेपासून बास्केटबॉल खेळले ते या वहीमुळे.

वहीची शिवण पार सुटली होती, कडांना कसर लागली होती. याआधी एका दुकानात विचारलं, तर त्यांनी न उघडताच ‘कडा मशीनवर कापून स्पायरल करून देतो’ म्हणून सांगितलं. इथल्या दादांनी आधी हात पुसले, सगळी पानं उलटली, आणि विचारलं, “ताई, हा उंच माणूस कोण? सगळीकडे हाच आहे.” मी पंधरा मिनिटं सांगत बसले, ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “कडा कापायच्या नाहीत. कापल्या तर बाबांचं अक्षर जाईल.”

काम असं केलं: फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागदाच्या पट्ट्या, मग हाताने जुजबांधणी, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे दोऱ्याने एकत्र शिवणं. चिकटवायला मोरचूद घातलेली खळ, म्हणजे पुन्हा कसर लागायला नको. काही कात्रणांवर आप्पांनी सेलोटेप लावला होता, तो पिवळा पडलाय. तो काढायचा माझा हट्ट त्यांनी मोडून काढला. टेपबरोबर छपाईची शाई निघून येते म्हणाले, आणि त्या पानांमध्ये नुसता बटर पेपर घातला. त्यांचंच बरोबर होतं.

तक्रारही सांगते. आठ दिवस म्हणाले आणि तेवीस लागले. मधल्या काळात फोन उचलत नव्हते, त्या दिवसांत मला धड झोप लागली नाही. अशी एकुलती एक वस्तू ज्याने सोपवली आहे, त्याला उशीर होणार असेल तर एक फोन करायलाच हवा. शिवाय अस्तराला त्यांनी चकचकीत फुलांचा कागद लावला होता. सांगितल्यावर मात्र त्याच दिवशी साधा करड्या रंगाचा बदलून दिला. एकूण साडेआठशे रुपये झाले.

लोयझागा जानेवारी २०१६ मध्ये गेला, आणि २०२३ मध्ये फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं. तोवर आप्पा नव्हते. दोन्ही बातम्या मी पाकिटात जपल्या होत्या, म्हणून शेवटी दहा कोरी पानं घालायला सांगितली होती. दादांनी त्या पानांच्या मधे शिवणीजवळ अरुंद पट्ट्या शिवून ठेवल्यात. मी विचारलं, या कशाला? तर म्हणाले, “कात्रणं चिकटवली की वही फुगते, शिवणीवर ताण येतो. आधीच जागा करून ठेवली.”

रविवारी दोन्ही बातम्या चिकटवल्या. वही सपाट मिटते.