तिकिटाखालचा हिरवा चौकोन: 'कार्बन ऑफसेट' सेवेचं परीक्षण

विमानाचं तिकीट काढताना पैसे भरायच्या पानावर तळाशी एक चौकोन असतो: 'तुमच्या प्रवासाचं कार्बन उत्सर्जन भरून काढा.' टिक केली की बिल थोडं वाढतं, तो पैसा दुसरीकडे उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पाला जातो (यालाच 'कार्बन ऑफसेट' म्हणतात) आणि ईमेलवर प्रमाणपत्र येतं. विकत घेण्याची वस्तू म्हणून या सेवेला पाचपैकी दीड गुण. त्यातला अर्धा फक्त क्रेडिट्सच्या (एका टन घटीचं एक, अशा विकाऊ प्रमाणपत्रांच्या) नोंदवह्या सर्वांना पाहता येतात म्हणून.

आधी मोजणी. विमानाचं इंधन १ किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, यात वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. बिझनेस क्लासची खुर्ची किती जागा अडवते, विमान किती भरलेलं धरायचं, उंचावरच्या धूररेषांची उष्णता मोजायची की नाही, हे प्रत्येक कॅल्क्युलेटर आपापल्या सोयीनं ठरवतो. एवढ्यानंच एका प्रवासाचा आकडा दुप्पट होऊ शकतो. कमी आकडा दाखवणाऱ्याची विक्री जास्त, हे उघड आहे.

तरीही मोजणी हा किरकोळ दोष. खरी गोम मालात आहे. तुम्ही विकत घेता ते 'न झालेलं' उत्सर्जन. म्हणजे वजाबाकी: प्रकल्प नसता तर किती धूर झाला असता, उणे प्रत्यक्षात किती झाला. दुसरा आकडा थोडाफार मोजता येतो. पहिला कुणी पाहिलेलाच नाही. तो प्रकल्पवाला स्वतः मांडतो, आणि तपासणारी संस्था त्यानंच पैसे देऊन नेमलेली असते.

सुधारित चुलीचं उदाहरण घ्या, कारण स्वस्त ऑफसेटमध्ये हा माल भरपूर असतो. समजा, एक घर वर्षाला ३ टन लाकूड जाळतं आणि नवी चूल त्यातलं निम्मं वाचवते. वाचलं दीड टन. एका टन लाकडातून साधारण १.७५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो (टनामागे १५.६ गिगाज्यूल ऊर्जा, गुणिले दर गिगाज्यूलमागे ११२ किलो), म्हणजे बचत सुमारे २.६ टन. आता यात एक गुणक येतो: तोडलेल्यापैकी किती लाकूड पुन्हा उगवतच नाही? प्रकल्पाच्या कागदावर हा गुणक ०.९ धरला तर २.४ टनांची क्रेडिट्स मिळतात. तोच ०.३ धरला तर ०.८ टन. त्यातही घरात जुनी चूल चालूच असते, कारण मोठं भांडं नव्या चुलीवर बसत नाही. नवी चूल दहापैकी सहा वेळाच पेटली तर उरतं अर्ध्या टनाहून कमी. चूल तीच, घर तेच, फरक पाचपट. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या अभ्यासानं अशा प्रकल्पांची क्रेडिट्स सरासरी नऊ-दहापट फुगलेली असल्याचं दाखवलं. चुली वाईट नाहीत, धूर कमी झाला तर फुप्फुसं वाचतात. पण मग तो पैसा आरोग्याच्या खात्यावर लिहावा, विमानाच्या नाही.

जंगल वाचवण्याच्या प्रकल्पांची गत वेगळी नाही. २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये सहा देशांतले २६ प्रकल्प तपासले गेले. अपेक्षित क्रेडिट्सपैकी जेमतेम ६ टक्क्यांमागे खरी घट सापडली. शिवाय एका जंगलाला कुंपण घातलं की कुऱ्हाड शेजारच्या जंगलात जाते. आणि झाडं जळतात. कॅलिफोर्नियात जंगलांच्या क्रेडिट्ससाठी शंभर वर्षांचा विमा म्हणून राखीव साठा ठेवला होता. त्यातला वणव्यासाठीचा हिस्सा दहा वर्षांच्या आत जवळपास संपला.

हे नवंही नाही. क्योटो हवामान करारातल्या यंत्रणेत एचएफसी-२३ (शीतकरणाचा वायू बनवताना निघणारा, हवा फार तापवणारा टाकाऊ वायू) नष्ट केला की एका टनामागे ११,७०० टनांची क्रेडिट्स मिळत. नष्ट करण्याचा खर्च त्यापुढे नगण्य, त्यामुळे टाकाऊ वायू हाच मुख्य माल होऊन बसला. युरोपीय संघानं मे २०१३ पासून ही क्रेडिट्स बंद केली.

बाजार स्वतः सुधारेल, ही आशाही फोल आहे. १९७० मध्ये अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफनं जुन्या गाड्यांबद्दल जे मांडलं तेच इथं: दर्जा कळत नसेल तर स्वस्त माल चांगल्याला हुसकावतो. इथं तर फुगलेला आकडा विकणाऱ्यालाही हवा आणि घेणाऱ्यालाही. तक्रार करायला तिसरा कुणी नाही. हवामान चळवळीनं कंपन्यांकडून 'नेट झिरो'च्या (उत्सर्जन वजा भरपाई शून्य) घोषणा वदवून घेतल्या, आणि त्या घोषणांनीच या स्वस्त कागदाला गिऱ्हाईक मिळवून दिलं.

गंमत अशी की आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर जवळपास कुठंच कर नाही. १९४४ च्या शिकागो करारानं विमानात आधीच असलेलं इंधन करमुक्त ठेवलं, पुढच्या द्विपक्षीय करारांनी सवलत वाढवली. स्वीडननं १९९१ पासून जसा इंधनावर कार्बन कर लावला, तसा कर लावायला काल्पनिक वजाबाकी लागत नाही, विकलेले लिटर मोजले की झालं. ते राजकीयदृष्ट्या अवघड, म्हणून प्रवाशापुढे ऐच्छिक दानपेटी.

तरी घ्यायचंच असेल तर चौकोन सोडा आणि थेट नोंदवहीतून निवडा. अनुक्रमांक, क्रेडिट कोणत्या वर्षाचं, कोणती मोजणी पद्धत, हे तिन्ही दिसलं पाहिजे. जुन्या वर्षाचं किंवा पवन-सौर वीज प्रकल्पाचं क्रेडिट टाळा. असे बरेच प्रकल्प क्रेडिटशिवायही उभे राहिले असते. चुलीचं घेणार असाल तर तो गुणक शोधा, ०.३-०.४ च्या फार वर असेल तर पुढे जा. हवेतून कार्बन शोषून खडकात पुरण्याचं काम नीट मोजता येतं, पण टनाला शेकडो डॉलर लागतात. चौकोनातला दर त्याच्या जवळपासही नसतो. शेवटी क्रेडिट 'रिटायर' झाल्याची (म्हणजे ते पुन्हा विकता येऊ नये म्हणून कायमचं बाद केल्याची) नोंद उघडून लाभार्थीचा रकाना वाचा. तिथं तुमच्या नावाऐवजी विमान कंपनीचं नाव आणि हजारो टनांचा एकगठ्ठा आकडा असेल, तर तुमचा टन त्यात आहे की नाही हे त्या प्रमाणपत्रावरून कळणार नाही.