चुंबक चिकटलं नाही म्हणजे खांब चांगला, असं समजू नका

२६ जानेवारी किंवा १५ ऑगस्ट जवळ आला की ध्वजस्तंभ विकणारी माणसं खेड्यापाड्यांत फिरू लागतात. सगळेच लबाड नसतात. पण त्यातल्या एकानं यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाला फसवलं, आणि त्याची रीत इतकी बेमालूम होती की शाळा, ग्रामपंचायत, विहार, मंडळ यांपैकी कोणीही त्यात अडकू शकतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. मी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. या व्यवहाराचे कागद माझ्याकडेच आहेत.

शाळेचा जुना खांब लोखंडी होता आणि बुडाशी गंजून गेला होता. नव्यासाठी लोकवर्गणी काढली. कोणी कापूस विकून पैसे दिले, बाहेरगावी नोकरीला असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी फोनवरून पाठवले, एका म्हाताऱ्या आजीनं निराधाराच्या पगारातून शंभराची नोट आणून दिली. बातमी आजूबाजूला गेली आणि डिसेंबरात हा माणूस मोटरसायकलवर आला. पांढरा सदरा, खिशाला तिरंग्याचा बिल्ला, मोबाइलमध्ये मोठमोठ्या खांबांचे फोटो. भावाची बोलणी निघाली की एकच वाक्य: "भाऊ, देशाच्या कामात घासाघीस करता काय?"

या वाक्याचा मला आजही संताप येतो. झेंड्यासाठी नागपुरात १९२३ साली सत्याग्रह झाला, देशभरातून माणसं येऊन तुरुंगात गेली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टीत लोकांनी जीव दिले. त्याच मुलखात एक माणूस झेंड्याचं नाव घेऊन लोकांची तोंडं बंद करतो आणि हलका माल खपवतो.

त्याच्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं: उंची २५ फूट, स्टेनलेस स्टील ३०४, पाइपाची जाडी ३ मिमी, खाली ३ इंची, मध्ये अडीच इंची, वर २ इंची असे तीन टप्पे, पाया २ बाय २ फूट आणि ४ फूट खोल, दहा वर्षांची वॉरंटी, एकूण ३८,००० रुपये. अर्ध्याहून जास्त रक्कम आगाऊ. कागद बघून कोणालाही पटावं असाच होता. फसवणूक कागदात नव्हतीच.

माल आला तेव्हा त्यानं खिशातून चुंबक काढलं, पाइपाला लावलं आणि सोडून दिलं. चुंबक खाली पडलं. "चिकटलं काय? नाही ना? म्हणजे ३०४." जमलेल्या माणसांना ते पटलं, कारण चुंबकाची ही परीक्षा भांड्यांच्या दुकानातही सांगतात. पण २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेस स्टीलसुद्धा चुंबकाला धरत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत, पण उघड्यावर पावसात २०२ लवकर डागाळतं, आधी वेल्डिंगच्या जोडावर आणि मग खाली ओघळ येतात. उलट अस्सल ३०४ चा पाइप वाकवलेल्या किंवा ओढलेल्या जागी थोडा चुंबकाला धरूही शकतो. म्हणजे चुंबकानं या दोघांतला फरक कळतच नाही. त्यासाठी स्टीलवाले आणि भंगारवाले एका रसायनाचा थेंब टाकून बघतात, रंगातून फरक कळतो. नाहीतर कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागायचं आणि त्यावरचा हीट नंबर (म्हणजे पोलाद ज्या घाणीतून ओतलं तिचा क्रमांक) पाइपावरच्या छाप्याशी जुळतो का ते पाहायचं. आमच्या पाइपावर छापाच नव्हता. पॉलिश करताना जातो, असं तो म्हणाला.

जाडीची लबाडी त्याहून मोठी होती. आमच्यातल्या एका मुलानं, तो वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे, पाइपाच्या तोंडाशी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावून मोजलं. बरोबर ३ मिमी भरलं. खरी गोष्ट पुढे खांब तुटल्यावर कळली. पाइपाच्या दोन्ही तोंडांत आतून दोन-दोन इंचांची कडी ठोकून, वरून पॉलिश मारून जोड लपवला होता. तोंडाशी ३ मिमी, आत सगळीकडे १.२ मिमी.

हे पकडायचा उपाय आपल्या प्रत्येक गावात आहे. काटा. पाइपाचं वजन खोटं बोलत नाही. स्टेनलेस पाइपाचा हिशेब असा: बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, आलेल्या आकड्याला जाडीनं गुणा, मग ०.०२४९ नं गुणा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्यायची, उत्तर येतं एका मीटरचं वजन किलोत. ३ इंची म्हणजे ७६.२ मिमी. ३ मिमी जाडी असेल तर मीटरला साडेपाच किलोच्या जवळ, म्हणजे १० फुटांचा तुकडा साडेसोळा किलोच्या वर भरायला हवा. आमचा खालचा १० फुटांचा तुकडा नंतर कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकला तर कड्या धरूनही तो साडेसात किलोच्या आत होता. साध्या लोखंडी किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपासाठी ०.०२४९ ऐवजी ०.०२४७ धरा. माल उतरवतानाच काट्यावर न्या, आणि विकणारा "त्याची काय गरज" म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवा.

आमच्या एका म्हाताऱ्या काकांना त्या दिवशीच शंका आली होती. त्याच्या पोरानं तुकडा एकट्यानं खांद्यावर घेऊन आणला तेव्हा ते म्हणाले, "काऊन बा, येवढा हलका कसा हाये?" त्यावर उत्तर आलं, "काका, स्टेनलेस हलकंच असतं." हेही साफ खोटं आहे. स्टेनलेस साध्या लोखंडाहून किंचित जडच असतं.

पाया त्यानं वेचणीचे दिवस गाठून भरला. गाव सगळं वावरात होतं, शाळेला सुट्टी होती. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला: खोल खड्डा, त्यात टेप धरलेला, आकडा ४ फूट. पुढे तो फोटो मोठा करून पाहिला तेव्हा खड्ड्याच्या भिंती लाल मुरमाच्या दिसल्या. आमच्या शाळेच्या आवारात काळी माती आहे, पुरुषभर खोदलं तरी मुरूम लागत नाही. फोटो दुसऱ्याच गावचा होता.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात उथळ बसवलेला पाया दर हंगामाला हलतो आणि खांब कलतो. त्यासाठी पाया भेगांच्या थराखाली न्यावा लागतो, जमलं तर मुरमापर्यंत. जिथे मुरूम फार खोल आहे तिथे खड्डा रुंद करून, सळई बांधून, आजूबाजूची काळी माती काढून मुरूम ठोकून भरतात. खड्ड्यात काय गेलं ते सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवरूनही कळतं. २ बाय २ आणि ४ फूट खोल म्हणजे १६ घनफूट, त्याला चांगल्या प्रतीच्या काँक्रीटसाठी साडेतीन ते चार पोती सिमेंट लागतं. आमच्याकडे एक पोतं रिकामं झालं होतं आणि दुसरं अर्धं उरलेलं त्यानं परत नेलं. खांब पडल्यावर उकरून पाहिलं तर दीड फुटाचा पाया, त्यात अर्धे दगड.

शिवाय खांबाच्या टोकावर त्यानं सोनेरी रंगाचं चार सिंहांचं चिन्ह बसवलं आणि त्याचे ३,५०० रुपये वेगळे लावले. मुख्याध्यापक मॅडमनी ते लगेच उतरवायला लावलं. भारतीय ध्वजसंहिता २००२ नुसार ज्या खांबावर राष्ट्रध्वज फडकतो त्याच्यावर किंवा त्याच्या टोकाशी फूल, हार, बोधचिन्ह असं काहीही ठेवता येत नाही. राजचिन्हाच्या वापरावर तर २००५ चा वेगळा कायदाच आहे. चिन्ह उतरलं, पैसे परत आले नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात जोडांवर तपकिरी ओघळ दिसू लागले. मग १५ ऑगस्ट आला. मुलं रांगेत उभी, सरपंच ताईंच्या हाती दोरी. झेंडा निम्म्यावर गेला आणि अडकला. वर जाईना, खाली येईना. वरच्या कप्पीचं चाक प्लॅस्टिकचं आणि आतली पिन साध्या लोखंडाची होती, ती गंजून धरली होती. अर्ध्यावरचा झेंडा दुखवट्याचा असतो हे मुलांना शाळेतच शिकवलेलं. रांगेतल्या एका मुलीनं मॅडमना विचारलं, "कोण वारलं?" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एका माणसानं शिडीवर उभं राहून बांबूनं दोरीला हिसका दिला तेव्हा झेंडा वर गेला. पैशाचं नुकसान भरून निघेल, पण त्या सकाळी जे झालं त्याची भरपाई कुठल्या तक्रारीत मागायची?

पुढच्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळात खांब पहिल्या जोडावर मोडला आणि बुडापासून कललाही. रात्रीची वेळ होती म्हणून आवारात कोणी नव्हतं. दिवसा, मधल्या सुट्टीत हे झालं असतं तर काय झालं असतं या विचारानं अजून अंगावर काटा येतो. विकताना तो म्हणाला होता, "आपल्याकडे कुठं समुद्र आहे? इथं वारा नसतो." पण इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा भाग ३, त्यात नागपूरसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. मुंबईसाठीही तेवढाच. आणि वेग दुप्पट झाला की खांबावरचा जोर चौपट होतो.

फोन केला तर आधी "येतो", मग "मजूर नाहीत", मग नंबर बंद. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. हा क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, आणि तो चालू आहे का हे कोणीही मोबाइलवर फुकट पाहू शकतं. पैसे देण्याआधी पाहा. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. प्रकरण चालू आहे.

आता नवा खांब उभा आहे, तो तालुक्याच्या ठिकाणच्या एका फॅब्रिकेटरकडून घेतला. यावेळी आधी आपली गरज काय ते ठरवलं. शाळेची इमारत बैठी आहे, झेंडा ४ बाय ६ फुटांचा. झेंड्याची लांबी खांबाच्या उंचीच्या साधारण चौथाई असली की दिसायलाही बरं आणि खांबावर ताणही बेताचा, म्हणून २५ फूट पुरे. पहिला माणूस आधी ५० फुटांचा गळ्यात मारत होता, "आता झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो" म्हणून. संहितेत २०२२ मध्ये तसा बदल झाला हे खरं आहे. पण आपल्याकडच्या उन्हा-वाऱ्यात कायम फडकणारा झेंडा विरतो, फाटतो, आणि फाटका झेंडा लावता येत नाही. दर थोड्या दिवसांनी नवा आणायची तयारी असेल तरच तो विचार करावा. शिवाय ५० फुटांवरची कप्पी अडकली तर हायड्रा क्रेन बोलवावी लागते.

स्टेनलेसचा हट्टही आम्ही सोडला. आयएसआय छापाचा जीआय पाइप, मध्यम प्रतीचा. या पाइपांवर रंगाचा पट्टा असतो: हलक्याला पिवळा, मध्यमला निळा, जडला लाल. २ इंची मध्यम पाइपाची जाडी ३.६ मिमी असते. चकाकी नाही, पण निगा ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतो आणि दुरुस्ती तालुक्यातच होते. बुडाला बिजागरीचा बेस घेतला, त्यामुळे तिघा-चौघांनी खांब आडवा करून कप्पीला तेल देता येतं. कप्पी पितळी. दोरी पॉलिस्टरची, कारण स्वस्त प्लॅस्टिकच्या दोरीचे उन्हानं तंतू सुटतात आणि सुताची दोरी भिजली की फुगून कप्पीत अडकते.

जागा बदलली, आणि हे सगळ्यांनी बघावं. आधीच्या माणसानं खांब विजेच्या तारांच्या बाजूला घेतला होता, कारण तिथे खोदणं सोपं. खांब उभारताना, आडवा करताना किंवा पडताना तारेला लागला तर माणसं मरतात. तारेपासूनचं अंतर खांबाच्या उंचीहून बरंच जास्त हवं. खांबाला अर्थिंग करून घ्या, आणि अर्थिंग असलं तरी आभाळ गडगडत असताना मुलांना खांबाजवळ जाऊ देऊ नका.

पैसे आम्ही टप्प्यानं दिले: पाइप काट्यावर भरल्यावर थोडे, सगळ्यांसमोर खड्डा मोजून झाल्यावर थोडे, बाकीचे एक पावसाळा गेल्यावर. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

हा माणूस वणी, पांढरकवडा, घाटंजी भागात फिरतो असं दुसऱ्या गावांतून कळलं आहे. त्याच्याकडून तुमच्या गावानं खांब घेतला असेल तर तोंडाच्या दोन-तीन इंच आत बोट घालून पाहा, कडीची धार हाताला लागते. खांब मोडला असेल तरी पाइप भंगारात देऊ नका. काट्याची पावती, कापलेल्या जागेचा फोटो, बिल, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा. आमच्या वकिलांचं म्हणणं आहे की दोन-चार गावांचे असे तुकडे आयोगापुढे आले तर त्याला "कारखान्यातून चुकून आला" असं म्हणता येणार नाही.