थ्री नॉट थ्री : लिथगोची, सॅव्हेजची आणि आपली ईशापूरची

भाचा बोटीवर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची बोट सिडनीला लागली, दोन दिवस मोकळे मिळाले, तर हा पठ्ठ्या समुद्र सोडून डोंगरात गेला. ट्रेनने लिथगोला. तिथल्या जुन्या बंदूक कारखान्याचं म्युझियम आहे, तिथून फोटो पाठवला. काचेच्या कपाटात थ्री नॉट थ्री रायफल, खाली पाटी, आणि भाच्याची एक ओळ : "मामा, मामीची सवत इथे काचेत बसलीय."

सवतच. कोकणातल्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात मी एकोणीस वर्षं आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. घरची भांडी कधी विसळली नसतील, पण या बाईची नळी रोज पुसली. तेव्हा तिच्याबद्दल चार शब्द लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. आधीच सांगतो, किंमत नि पत्ता विचारू नका. .३०३, म्हणजेच थ्री नॉट थ्री, हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), परवान्यावरही मिळत नाही. रानडुकरं नि माकडांसाठी आपल्याकडे पीक संरक्षणाची बारा बोअर बऱ्याच घरांत असते, ती गोष्ट वेगळी. थ्री नॉट थ्रीची चुलत बहीण मात्र मिळते, आपल्याच आयुध कारखान्याची .३१५. बोल्ट, म्हणजे राउंड नळीत ढकलणारा मागेपुढे सरकता दांडा, बघितलात की घराणं ओळखू येतं.

घराणं थोडक्यात. बोल्ट जेम्स पॅरिस ली याचा, स्कॉटलंडात जन्मलेला माणूस, कॅनडात वाढला, अमेरिकेत काम केलं. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथे सरकारी कारखाना. दोन्ही नावं जोडून ली एनफिल्ड. आपण जी ओळखतो ती आखूड मार्क थ्री १९०७ची. दहा राउंडचं मॅगझीन, वजन चार किलोच्या आसपास, आणि बोल्ट असा की साठ अंश फिरवला की उघडला. जर्मन माऊझरला नव्वद लागतात. पहिल्या महायुद्धाआधी इंग्रज शिपायाला ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमके राउंड काढायला शिकवायचे. आमच्याकडे वर्षाकाठी चांदमारीला हातावर मोजण्याएवढे राउंड मिळायचे, आणि ते झाडण्यापेक्षा जास्त वेळ गवतात पुंगळ्या शोधण्यात जायचा. एक पुंगळी कमी भरली की अख्खी तुकडी रांगेत वाकून, काजूची बी वेचल्यासारखी.

माझं माप एकच. मिरगापासून नवरात्रापर्यंत कोण कशी टिकते. नेमबाजीची पुस्तकं लिहिणाऱ्यांना हे माप सुचणार नाही, कारण त्यांच्या शस्त्रागाराच्या खिडकीतून खारा वारा येत नाही. आमच्याकडे सकाळी तेलाचा हात फिरवलेल्या लोखंडावर संध्याकाळी तांबूस झाक दिसायची.

इंग्लंडची आधी. दस्त्याच्या मुळाशी लोखंडी पट्ट्यावर मुकुट, खाली जॉर्ज राजाचं जीआर, कारखाना आणि साल. एनफिल्ड किंवा बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी. माझ्या ताब्यात १९१७ची एक होती, माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी. लाकूड अक्रोडाचं, शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं, जवसाचं तेल चोळलं की आतून उजेड आल्यासारखं दिसायचं. पण पावसात हीच नखरे करायची. जुन्या घराची दारं आषाढात फुगून चौकटीत अडकतात ना, तसं पुढचं लाकूड फुगतं आणि नळीला ढकलतं. मेमध्ये मध्यावर लागणारी रायफल सप्टेंबरात वीतभर वर लागते. शिपाई शिव्या कोणाला देणार? आर्मोररला.

लिथगोची माझी आवडती, हे लपवत नाही. न्यू साउथ वेल्समधला हा कारखाना १९१२ला सुरू झाला. पुढे इंग्लंडने नंबर चार मॉडेल काढलं, तरी ऑस्ट्रेलियाने ते घेतलं नाही, शेवटपर्यंत जुनीच घडण धरून ठेवली. अक्रोडाऐवजी त्यांनी आपल्या रानातलं लाकूड वापरलं, क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड. हे लाकूड हलकं, मऊ. मग दर राउंडला जिथे धक्का बसतो तिथे आतून तांब्याच्या छोट्या पट्ट्या बसवल्या. पहिल्यांदा लाकूड उतरवलं तेव्हा मला वाटलं कोणी आधीच्या आर्मोररने जुगाड केलाय. नीट बघितलं तर कारखान्याचंच काम, कडा इतक्या सरळ की नख अडकत नव्हतं. आणि दस्त्यावर छाप काय, तर 'स्लाझ' आणि पुढे साल. स्लाझेंजर. टेनिसच्या रॅकेटी बनवणारी कंपनी! युद्धात त्यांनी बंदुकीचं लाकूडकाम केलं. रॅकेट बनवणाऱ्या हाताला लाकूड कळतं, एवढंच मी म्हणेन. दोष एकच, खाऱ्या हवेत तांब्याला कळंक चढतो आणि हिरवा डाग लाकडात उतरतो. चिंच लावून पितळ घासायची सवय होती म्हणून मला जड गेलं नाही. मामीची चिंच कुठे जायची हे तिला अजून माहीत नसावं.

अमेरिका नि कॅनडा एकाच तागडीत. सॅव्हेज कंपनीची मॅसॅच्युसेट्समधली, लाँग ब्रांच कारखान्याची टोरंटोजवळची. दोन्ही नंबर चार, मार्क वन, नावापुढे चांदणीची (*) खूण. सॅव्हेजवर तर 'युनायटेड स्टेट्सची मालमत्ता' असा इंग्रजी शिक्का, अमेरिकेने युद्धात उसनवारीवर दिलेला माल तो. आपल्या पोलिसाच्या खांद्यावर अमेरिकेची मालमत्ता, याची आम्हाला फार गंमत वाटायची. नळीतून बघावं तर गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या पाचाच्या जागी दोनच खाचा, घाईत काढलेल्या. तरी गोळी सरळ जाते. यांचं मागचं साईट भोकाचं, डोळ्याजवळ. चाळिशी ओलांडलेल्या हवालदाराला हे साईट म्हणजे चष्माच. इंग्लंडच्या जुन्या मार्क थ्रीची उघडी खाच पुढे नळीवर, ती आमच्यासारख्यांना धूसर दिसायची. संगीन मात्र पार मान खाली घालायला लावणारी. मार्क थ्रीचं सतरा इंची पातं परेडला उन्हात कसं चमकतं, आणि नंबर चारला नुसता आठ इंची सुळा. नारळ सोलायला अंगणात रोवलेली पहार बरी दिसते.

खरी खोट बोल्टमध्ये. काम सोपं करायला चांदणीवाल्या मॉडेलमध्ये बोल्ट सरकतो त्या पट्टीलाच एक खाच पाडलीय, बोल्ट तिथून उचलून काढायचा. खाचेचा कोपरा झिजला की घात. एका चांदमारीला आमच्या एका पोराने जलद फायरच्या हुकमावर बोल्ट जोरात ओढला आणि बोल्टचं मुंडकं पट्टीवरून उसळून वर बसलं. ना पुढे, ना मागे. मॅगझीनमध्ये राउंड, पोरगं घाबरून रायफल आडवी फिरवायला लागलं, मी धावत जाऊन नळी जमिनीकडे दाबली. नंतर उघडून बघितलं, कोपऱ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडालेला. ही रायफल बाद करा असं पत्र मी आठ महिने आधी वर दिलं होतं. उत्तर त्या घटनेनंतरही आलं नाही, चौकशी मात्र माझी झाली. लाँग ब्रांचचं काम सॅव्हेजपेक्षा सुबक, पण खाच तीच, म्हणून दोघींनाही मी नापास करतो.

आता आपली. ईशापूर, बंगाल. स्वातंत्र्याआधीच्या तुकड्यांवर मुकुट आणि जीआरआय, नंतरच्यांवर अशोकस्तंभ. दिसायला काही नाही. लोखंडावर काळा रंग, लाकूड ओबडधोबड, घासलेल्या कडा नावालाच. पण लिथगोवाल्यांना लाकडाचा जो प्रश्न पडला, तोच ईशापूरच्या मिस्त्रींनाही पडला होता, आणि त्यांचं उत्तर बघा. तांब्याच्या पट्ट्या नाहीत, नाजूक काम नाही. पुढच्या लाकडातून मॅगझीनच्या पुढे सरळ आडवा स्क्रू घातला, लाकूड फाटायचं बंद. आमच्या गावचा सुतार हेच करेल. बघणाऱ्याला तो स्क्रू मुरुमासारखा दिसतो. पण मी एकोणीस वर्षांत स्क्रूवाली फाटलेली एकही पाहिली नाही. काळ्या रंगाचं म्हणाल तर तो खाऱ्या वाऱ्याला पुरून उरतो, जोवर टवका उडत नाही तोवर. उडाला की गंज रंगाखालून सरपटत जातो आणि वरून दिसत नाही. म्हणून ईशापूरची नजरेने तपासायची नाही, अंगठा फिरवून तपासायची.

१९६२च्या चीन युद्धानंतर ईशापूरने हीच रायफल ७.६२च्या राउंडसाठी काढली, जास्त कसाच्या पोलादात. टू ए, आणि मग टू ए वन. पहिलीच्या साईटवर २००० यार्डांपर्यंत आकडे, दुसरीच्या ८०० मीटरला थांबले. तेवढ्या पलीकडचं दिसतं कोणाला? मॅगझीनचा तळ चौकोनी, त्यावरून अंधारातही हाताला कळते. मला विचाराल तर सगळ्या घराण्यात सर्वात अक्कल हिच्यात आहे आणि सर्वात कमी कौतुकही हिचंच.

.४१० मस्केटही दोन होत्या, पीळ नसलेल्या नळीच्या, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठीच्या. पुढे बोलत नाही.

राउंड बहुतेक खडकीच्या कारखान्याचे, बुडाला केएफ (किरकी फॅक्टरी). जुन्या राउंडची टोपी (दारू पेटवणारी बुडाची टिकली) फुटली की नळीत खार राहतो, आणि खार तेलाने जात नाही. कँटीनमधून केतलीभर कढत पाणी आणायचं, नरसाळं लावून मागून ओतायचं, पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चार बाय दोनची चिंधी बांधून ओढायची, मगच तेल. या पायरीत टाळाटाळ केलेली रायफल कुठल्याही देशाची असो, आपल्या हवेत आठवड्यात खडबडीत होते.

आणि एक कबुली. १९९३च्या सुरुवातीला दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं नि एके ५६ उतरल्या, तेव्हा कोकणच्या पोलिसाच्या खांद्यावर हीच होती. त्या बातम्या वाचल्यावर मी शस्त्रागारात बराच वेळ नुसता बसून होतो. दर राउंडला बोल्ट ओढायचा, समोरचा घोडा दाबून धरणार. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला, ते योग्यच झालं, आणि बातमी बघून मला वाईटही वाटलं.

भाच्याला मी उलट लिहिलं, दस्त्यावर छाप काय आहे बघ, आणि मॅगझीनच्या पुढे आडवा स्क्रू आहे का. तासाभराने उत्तर आलं : "स्क्रू नाही मामा. छाप दिसत नाही, काचेवर माझंच तोंड येतंय."