‘तुमच्या वडिलांचं सर्व्हिस रेकॉर्ड काढून देतो’ : आमची फसवणूक कशी झाली

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असलेल्यांची मुलं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. वडील नेमके कुठे होते, काय करत होते, हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही आणि जाणून घ्यायची ओढ मात्र याच वयात लागते. ही ओढ हेरून पैसे काढणारी माणसं आहेत. आमच्याकडून पैसे तर गेलेच, पण पैशांहून मोलाचंही काही गेलं. दुसऱ्या कुणाच्या घरून ते जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, १९४२ साली हवाई दलात फिटर (विमानाच्या इंजिनाची देखभाल करणारा) म्हणून भरती झाले, १९४६ला सुटून आले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. युद्धाबद्दल ते फारसं बोलत नसत. सहा नंबरची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी), आता बांगलादेशात असलेलं कॉक्स बझार, त्याला लागून बर्माच्या किनाऱ्यावरच्या आराकानचा पाऊस आणि त्यांचे कमांडर मेहेरसिंग, ज्यांना सगळे ‘मेहेरबाबा’ म्हणत, एवढंच आमच्या कानावर होतं. घरात त्यांचं मूळ डिस्चार्ज सर्टिफिकेट होतं आणि दोन फोटो. पदकं त्यांनी कधी मागवलीच नव्हती.

आण्णांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२२ साली, एका ओळखीच्यांकडून ते गृहस्थ घरी आले. रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालोय म्हणाले. बोलणं अगदी मार्दवाचं. आधी आईच्या पाया पडले. आई तेव्हा नव्वदी ओलांडलेली. “आजी, आण्णांची पदकं सरकारकडे पडून आहेत, घरच्यांनी न्यायला हवीत,” असं तिला म्हणाले. पैशांचा विषय पहिल्या भेटीत काढलाच नाही. आण्णांबद्दल मात्र तासभर विचारत राहिले आणि आम्ही सांगत गेलो. नंतर आलेल्या कागदांत आमचंच बोलणं परत आलं, त्यामुळे ते खरं वाटलं. ही त्यांची पद्धत नीट ध्यानात घ्या.

मग शोधाची फी म्हणून ८,००० रुपये. पुढे फोन आला : “ताई, सहा नंबरची स्क्वाड्रन फाळणीत पाकिस्तानकडे गेली. तिकडचे कागद लंडनमार्फत मागवावे लागतात.” त्याचे १५,०००. स्क्वाड्रन पाकिस्तानकडे गेली हे खरंच आहे, मी ते एका पुस्तकात पडताळूनही पाहिलं. पण म्हणून तिथल्या फिटरचे कागद लंडनहून पैसे भरून सोडवावे लागतात, हे त्यांच्या पदरचं होतं. खोट्याला असं खऱ्याचं अस्तर लावलेलं असतं. शेवटी पदकांसाठी २२,०००. आणि या सगळ्यात ‘पडताळणीला झेरॉक्स चालत नाही’ म्हणून मूळ सर्टिफिकेट आणि दोन्ही फोटो ते घेऊन गेले.

पार्सल आलं. सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र, फ्रेम केलेलं, आणि मखमली डबीत तीन पदकं. शताब्दीच्या कार्यक्रमात ते मोठ्याने वाचलं गेलं. नातवंडांनी त्याचे फोटो काढून सगळीकडे पाठवले.

माझ्या मावसबहिणीचे यजमान हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी जेवण झाल्यावर फ्रेम हातात घेतली, पुन्हा पुन्हा वाचली आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, “ताई, यात आण्णांना हरिकेन विमानावरचे एअर गनर लिहिलंय. हरिकेनमध्ये एकच माणूस बसतो, पायलट. गनर बसणार कुठे?”

मग आम्ही दोघांनी तो कागद ओळीओळीने तपासला. १९४३ सालच्या नोंदीवर ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ असा मथळा होता. ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली मार्च १९४५मध्ये, त्याआधी ते नुसतं इंडियन एअर फोर्स होतं. पदकांत बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार असे दोन्ही होते. हे दोन्ही तारे एका माणसाला मिळतच नाहीत. एक तारा मिळाला, की दुसऱ्या आघाडीसाठी त्याच्याच फितीवर पट्टी लावतात. भारतीयांना दिलेल्या या पदकांवर सहसा नाव-नंबर कोरलेला असतो, आमच्याकडची तिन्ही मागून कोरी. बाजारातून आणून डबीत घातलेली.

मला सर्वांत जास्त राग आला तो ‘गनर’ या शब्दाचा. फिटर म्हटल्यावर घरचे जास्त पैसे देणार नाहीत, असा त्यांचा हिशेब असणार. सहा नंबरची स्क्वाड्रन १९४३च्या अखेरीस कॉक्स बझारला गेली. तिची हरिकेनं शत्रूच्या मुलखावर खालून उडत टेहळणी करायची, फोटो घ्यायची. तिला ‘चौदाव्या सैन्याचे डोळे’ म्हणत. चौदावं सैन्य म्हणजे बर्मात जपान्यांशी लढणारी ब्रिटिश-भारतीय फौज. त्या विमानाचं मर्लिन इंजिन धुळीत आणि आराकानच्या ओलीत रोज सुरू होईल अशा स्थितीत ठेवणं हे आण्णांचं काम होतं. एकट्या पायलटचा जीव त्या इंजिनावर असायचा. आण्णांना यापेक्षा मोठं करायची कुणाला गरज नव्हती. आता घरातली लहान मुलं ‘पणजोबा विमानातून गोळ्या झाडायचे’ असं सांगतात आणि प्रत्येकाला वेगळं बसवून खरं सांगावं लागतं.

फोन अर्थातच बंद झाला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पैसे ऑनलाइन दिले असतील तर १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवायचं असतं, जितक्या लवकर तितकं बरं. आमच्याकडून बरेचसे रोख गेले होते.

आता खरा रस्ता. एअरमनच्या (अधिकारी नसलेल्या हवाई सैनिकांच्या) नोंदी नवी दिल्लीत सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. तिथे वारसाला स्वतः अर्ज करता येतो. सर्व्हिस नंबर, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडायचा, सगळ्यांच्या प्रतीच, मूळ कागद नव्हे. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. अर्ज लिहायला अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. स्क्वाड्रनांच्या युद्धकाळातल्या रोजनोंदी लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत. त्यांत कुठलं विमान कधी उडालं, कुठे गेलं, पायलट कोण, हे सापडतं. जमिनीवरच्या माणसांची नावं क्वचितच असतात, तेव्हा ‘तुमच्या वडिलांचं नाव त्यात आहे’ असं कुणी म्हणालं तर आधी त्या पानाचा फोटो मागा. ज्यांचे आजोबा किंवा काका युद्धात मरण पावले, त्यांना कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव स्वतःच, फुकट शोधता येतं. तेही शोधून देतो म्हणून पैसे घेणारे आहेत.

आण्णांचा सर्व्हिस नंबर आमच्याकडे त्या सर्टिफिकेटवरच होता, दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेला नाही. त्यामुळे आमचा अर्ज नाव, जन्मतारीख आणि गाव यांवरच गेलाय. तुमच्याकडे असा कागद असेल तर आजच त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवा.

जुनी लष्करी कागदपत्रं संग्राहकांना विकली जातात, आमचीही त्याच वाटेला गेली असावीत. सर्टिफिकेटचा खालचा डावा कोपरा फाटलेला आहे आणि मागे पेन्सिलीने, मोडी लिपीत, आण्णांनी काही हिशेब लिहिलेला आहे. एका फोटोत चार जण हरिकेनच्या पंखाखाली बसलेत, उजवीकडून दुसऱ्याच्या हातात पाना आहे, ते आण्णा. असं काही विकायला आलेलं दिसलं तर कृपा करून घेऊ नका, विकणाऱ्याचा पत्ता विचारून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.