हुआलिएनचं हिरवं कडं: २०,१०० तैवानी डॉलर कसे गेले

आकडा आधीच सांगते. २०,१०० तैवानी डॉलर. १२,१०० कार्डावर, ८,००० रोख. कार्डाचे म्हणून आमच्या खात्यातून ३२,८८५ रुपये ३० पैसे गेले, कारण २.६१ च्या दरावर बँकेनं साडेतीन टक्के लावले आणि त्या साडेतीन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. रोख धरून हिशेब ५४ हजारांच्या जवळ जातो. निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनमधून साठवलेले पैसे आहेत हे.

मुलगा तैवानमध्ये शिंचूला पीएचडी करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो. त्याला प्रयोगशाळेतून सुट्टी नव्हती, म्हणून दोन दिवस आम्हीच रेल्वेनं हुआलिएनला गेलो. तारोकोची दरी बघायची होती, पण ३ एप्रिलच्या भूकंपानंतर तिथला बहुतेक भाग बंदच होता. मग शहरात फिरलो, समुद्र पाहिला, मोची खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरेदीला निघालो. लेक तेव्हा पाचव्या महिन्यात होती. जानेवारीत डोहाळजेवण करायचं ठरलं होतं आणि तिच्यासाठी हिरवं काहीतरी न्यायचं माझ्या मनात होतं. काचेच्या बांगड्या नाशकात मिळतातच. हुआलिएन तर हिरव्या दगडाचं गाव. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय नेणार?

तैवानचा जेड म्हणतात तो दगड हुआलिएन शहराच्या दक्षिणेला फेंगत्येन नावाच्या गावाजवळ निघायचा. खाणी १९६० च्या दशकात सुरू झाल्या, १९७० च्या दशकात तिथे प्रचंड काम चालायचं, आणि मग खाणी बंद पडल्या. म्हणजे खरा फेंगत्येनचा दगड आता थोडा आहे आणि महाग आहे. दुकानात 'तैवान जेड' म्हणून जे मिळतं त्यात कॅनडाचा आणि सायबेरियाचा दगडही असतो. तो निदान त्याच जातीचा, नेफ्राइट. मला तेही मिळालं नाही. आणि हे सगळं मी जायच्या आधी वाचलं होतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. तैवानच्या दगडात बहुधा काळे बारीक ठिपके असतात, हेसुद्धा मला माहीत होतं.

दुकान मोठ्या रस्त्यावरचंच, काचेचं दार, आत स्वच्छ. मालकीणबाई पन्नाशीच्या असतील. फोनवर भाषांतर करून बोलत होत्या, मधूनमधून 'सिस्टर' म्हणत होत्या. चहा दिला. भूकंपापासून गिऱ्हाईक नाही, एप्रिलपासून भाडं निघत नाही, असं सांगितलं. रस्त्यावर तुरळक माणसं आम्ही डोळ्यांनी पाहत होतो, त्यामुळे ते खोटं वाटलं नाही. अजूनही खोटं वाटत नाही. पण खऱ्या दुःखाच्या आडून खोटा माल विकता येतो, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

कडं एकसारखं गडद हिरवं होतं. एक ठिपका नाही, एक रेघ नाही. मी विचारलं, काळे ठिपके कुठे आहेत? उत्तर आलं, "ठिपके हलक्या मालात असतात. हा वरच्या प्रतीचा." मी मान डोलावली. मग त्यांनी माझ्या डाव्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि त्यावरून कडं सर्रकन आत सरकवलं. अखंड दगडाचं कडं असंच घालतात, त्यात फसवणूक नाही. फसवणूक पुढे आहे. कडं निघेना. त्यांनी दोनदा ओढल्यासारखं केलं, माझा अंगठ्याखालचा भाग लाल झाला, आणि त्या म्हणाल्या की दगड माणसाला निवडतो. आता वस्तू माझ्या अंगावर, तीही निघत नाही, समोर चहाचा कप, आणि ठिपक्यांचा प्रश्न हवेत विरून गेलेला. मी भाव करायला लागले ती या अवस्थेत.

चिठ्ठीवर २८,००० होते, १६,५०० ला ठरलं. भद्रकालीच्या बाजारात पस्तीस वर्षं घासाघीस करून भाजी घेतलेली बाई आहे मी, त्यामुळे ११,५०० कमी करून घेतले याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. भाच्यांसाठी दोन लोलक, १,८०० चं एक, असे ३,६०० चे घेतले.

आता तो क्षण. त्यांनी खोक्यात एक प्रमाणपत्र ठेवलं. चिनी मजकूर, एका हिरव्या कड्याचा फोटो, आणि आकड्यात वजन: ५८.२ ग्रॅम. आकडे तर मला वाचता येत होते. काउंटरवर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर, वजनकाटा होता. चालू होता, त्यावर हिरवे शून्य दिसत होते. मी तो पाहिला. "हे एकदा वजन करून दाखवा" एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर कडं काढावं लागलं असतं, काढलं असतं तर ते निघतं हेही कळलं असतं, आणि काट्यावर ५३ आला असता. मी म्हटलं नाही, कारण मला संकोच वाटला. भूकंपानं पिचलेल्या बाईवर मी अविश्वास दाखवतेय असं होईल, असं वाटलं. रोज रात्री तो काटा माझ्या डोळ्यांसमोर येतो.

लोक म्हणतात, पावती का नाही घेतली? घेतली होती. हातानं लिहिलेली. तैवानमध्ये खरी पावती म्हणजे सरकारी क्रमांकाची, तिला ते फाप्याओ म्हणतात. त्या क्रमांकांची दर विषम महिन्याच्या २५ तारखेला सोडतही निघते. मालकीणबाई म्हणाल्या, फाप्याओ हवा तर ५ टक्के वेगळे पडतील. २०,१०० चे पाच टक्के म्हणजे १,००५. मी ते वाचवले. तो कर किमतीतच धरलेला असायला हवा, तो गिऱ्हाइकावर वरून लावायचा नसतो, हे मला नंतर कळलं. अगदी छोट्या दुकानांना फाप्याओची सक्ती नसते हे खरं, पण "हवा तर देते, पैसे जास्त" म्हणणारं दुकान त्यातलं नसतं. हे वाक्य ऐकलं की तिथून उठा. शिवाय एका दुकानात एका दिवशी २,००० किंवा त्याहून जास्त खरेदी केली तर परदेशी माणसाला परताव्याची योजना लागू असलेल्या दुकानातून कर परत मिळतो. म्हणजे पावती मागितली असती तर पैसे वाढण्याऐवजी कमी झाले असते.

यजमान बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी नंतर एक शब्दानं बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

रात्री हॉटेलात साबण लावला तर कडं दोन मिनिटांत निघालं. तेव्हाही मी काही समजले नाही. हात सुजला होता तो उतरला असेल, असं स्वतःला समजावलं.

जानेवारीत लेकीच्या हाताला सूज, कडं चढेना. सराफ बाजारात आमचे नेहमीचे सोनार आहेत, त्यांच्याकडे नेलं. कडं कापून सोन्याची बिजागरी बसवता येईल का, एवढंच विचारायला गेले होते. त्यांनी भिंग लावलं, दिव्याखाली फिरवलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "ताई, तुम्हीच बघा. रंग दाण्यांच्या मधल्या फटीत साचलाय." खरंच साचला होता, ओल्या भिंतीत शाई उतरावी तसा. लोलक तर सरळ काच, आत गोल बुडबुडे.

घरी येऊन मी दार लावून घेतलं आणि जे काम नोव्हेंबरात करायचं होतं ते केलं. सोनाराकडून आणलेल्या काट्यावर कडं ठेवलं: ५३.० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला, कडं दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरलं: २०.० ग्रॅम, म्हणजे कड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. ५३ भागिले २०, म्हणजे घनता २.६५. नेफ्राइटची घनता २.९ ते ३ च्या आसपास असते. या वजनाचं नेफ्राइट असतं तर काट्यावर १८ च्या आसपास आकडा आला असता. २.६५ म्हणजे क्वार्ट्झ, साधी गारगोटी. आर्किमिडीजचं तत्त्व मी शाळेत मुलांना याच पेल्या-दोऱ्यानं शिकवलं आहे, एकदा नाही, पंचवीस-तीस वर्षं. त्या दिवशी मी रडले ते पैशासाठी नाही.

मुंबईच्या प्रयोगशाळेत १,१८० रुपये भरून अहवाल घेतला. रंगवलेलं क्वार्ट्झाइट, म्हणजे क्वार्ट्झच्याच दाण्यांचा दगड. कागद हातात आल्यावर मला वाटलं, आता न्याय मिळेल.

मुलानं दुकानाला फोन केला. दुकान म्हणालं, हे कडं आमचं कशावरून? त्यानं हाती लिहिलेल्या पावतीचा फोटो त्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तैवानी मुलीला दाखवला. तिनं वाचून सांगितलं की त्यावर 'जेड' असा शब्दच नाही. 'दगडाचं कडं, एक. लोलक, दोन.' आणि रक्कम लिहिली आहे फक्त ८,०००. कार्डाच्या पैशाचा उल्लेख नाही. कार्डाच्या हिशेबात व्यापाऱ्याचं नाव पाटीवरच्या नावापेक्षा वेगळं. हे सगळं त्या बाईनं माझ्यासमोर, चहा ओतता ओतता लिहिलं होतं.

पोलीस चौकीत तो स्वतः गेला, एक दिवस बुडवून, रेल्वेचं भाडं खर्चून. तासभर बसवलं. मग सांगितलं की हा ग्राहक आणि दुकानदारातला वाद आहे, गुन्हा नाही, ग्राहक कार्यालयात जा. ग्राहक कार्यालयानं सांगितलं, आधी दुकानाकडे लेखी तक्रार करा, उत्तराला १५ दिवस द्या. दिले. उत्तर आलं नाही. पुन्हा गेला तर विचारलं, खरेदी तुम्ही केली का? नाही, आईनं. मग आईचं अधिकारपत्र आणा. मी पाठवलं, तर ते मराठी-इंग्रजीत आहे, चिनी भाषांतर हवं. भाषांतर दिलं, तर म्हणे भारतातल्या प्रयोगशाळेचा अहवाल कसा धरायचा, कडं इथे आणा, इथे तपासा. ५३ ग्रॅमचा खोटा दगड परत तैवानला पाठवायचा! तोही पाठवला असता, पण विचारलं की तपासणीची फी कोण देणार, तर तक्रारदार. सात दिवसांत परत करण्याचा हक्क सांगून पाहिला. तो फक्त ऑनलाइन आणि दारावर येऊन केलेल्या विक्रीला लागू आहे, दुकानात जाऊन घेतलेल्याला नाही. हे मात्र खरं आहे, लक्षात ठेवा, दुकानात हा आधार नाही. पर्यटकांच्या मदत-खिडकीवर अतिशय गोड बोलणारी मुलगी होती. तिनं एक अर्ज भरून घेतला. त्या अर्जाचं काय झालं हे तिच्या वरिष्ठांनाही सांगता आलं नाही.

आणि आपल्या बँकेबद्दल काय बोलू. चुकीचा माल दिला म्हणून कार्डाचे पैसे परत मागता येतात. फसवणूक कळल्यावर पहिल्याच आठवड्यात मी अर्ज केला. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी. तीनदा तीच कागदपत्रं मागितली. तिसऱ्यांदा एक मुलगा मला म्हणाला, "मॅडम, पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. म्हणून काय माझी फसवणूक झाली नाही? चोरीची तक्रार करायला गेलेल्याला कुलूप तुम्हीच लावलं होतं ना, असं विचारण्यासारखं आहे हे. शेवटी कारण आलं: व्यापाऱ्यानं विक्रीचा कागद दाखवला, त्यावर 'दगडाचं कडं', आणि तुम्हाला दगडाचंच कडं मिळालं आहे. अर्ज बंद.

तुम्ही जाणार असाल तर अखंड कडं हातात घालू देऊ नका, कितीही प्रेमानं म्हणाले तरी. आकार हवा तर रिकाम्या कड्यानं मोजा. प्रमाणपत्रावरचं वजन आणि काट्यावरचं वजन तिथेच जुळवा. फोटो जुळला म्हणजे काही नाही, सगळी हिरवी कडी फोटोत सारखीच दिसतात. पावतीवर दगडाची जात आणि 'तैवानचा' हा शब्द लिहून घ्या, आणि तो वाचता येणारा माणूस फोनवर का होईना धरून ठेवा. अर्धे रोख अर्धे कार्ड असं कधी करू नका. फसवणुकीचा संशय तिथेच आला तर १६५ हा तिथला फसवणूकविरोधी क्रमांक आहे, शहर सोडायच्या आत फोन करा, माझ्यासारखं दोन महिन्यांनी नाही. आणि दगड घ्यायचाच असेल तर फेंगत्येनला जा, तिथे दगड कापणारे कारागीर आहेत, कच्चा दगड समोर दिसतो. आम्ही त्या गावापासून रेल्वेनं थोडक्या अंतरावर होतो. वेळ नाही म्हणून गेलो नाही.

डोहाळजेवणाला लेकीनं मेनरोडवरून आणलेल्या काचेच्या हिरव्या बांगड्या घातल्या, डझनाला ८० रुपयांच्या. ती म्हणाली, "आई, ते कडंही दे, मी ठेवते, तू आणलंस ना." मी दिलं नाही. ते कपाटात अहवालासोबत आहे, कारण मुलगा म्हणतो मध्यस्थी समितीपुढे अजून एक अर्ज करता येतो, आणि त्या वेळी कडं लागेल.